अर्धं टाकणारे काका

"अर्धं टाका," असं म्हणून ते उजव्या हाताची कड हवेत वरून खाली आणायचे, कलिंगड कापल्यासारखी. मग न दिसणारं एक अर्धं त्याच हातानं बाजूला सारायचे, उरलेल्या अर्ध्याकडे समाधानानं बघायचे आणि विचारायचे, "हं, आता?"

सिंगापूरच्या हौगांग भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये हा हात पाहिला नाही असं कुणी नसेल. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, काय खावं हा प्रश्न तुम्हाआम्हालाही पडतो. आपण सगळ्या पाट्या वाचतो आणि शेवटी कालचंच मागवतो. काकांचं तसं नव्हतं. "भात की नूडल्स? नूडल्स. भात टाका. सूपवाले की कोरडे? कोरडे. सूप टाका." मागे रांग वाढत जायची. नूडल्सवाली आंटी मात्र त्यांच्यावर खूश होती. ते समोर आले की तीच हवेत हात मारून विचारायची, "अंकल, टुडे विच हाफ?"

आयुष्यभर केलेलं काम काही माणसांच्या हातात उरतं. काकांनी जुरोंग आयलंडवर, रसायनांच्या एका कारखान्यात, यंत्रांना हुकूम देणारे प्रोग्रॅम लिहिले होते. आमच्या हौगांगपासून ते बेट म्हणजे सिंगापूरचं दुसरं टोक. आधी एमआरटीची मेट्रो, मग जुरोंग ईस्टहून कंपनीची बस, मग गेटवर पास दाखवून कॅमेऱ्याचा फोन जमा करायचा. "दिवसभर हातात फोन नव्हता, म्हणून तर डोकं चाललं," असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते कुणी विचारलं नसलं तरी ते सांगत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी दर रविवारी सकाळी आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकमध्ये, मुलांचा वर्ग सुरू केला. लिफ्टजवळ कागद लागला, 'मुलांसाठी कॉम्प्युटर'. माझ्या ऑफिसात ज्याचं त्याचं पोर कुठल्या ना कुठल्या कोडिंग क्लासला जात होतं, त्यामुळे मी घाईनं माझ्या लेकीला, इराला, घेऊन खाली गेले. बघते तर कॉम्प्युटरचा पत्ता नाही. जमिनीवर चिकटपट्टीची एक लांब रेघ, आणि काका बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन उभे.

"फोन यात टाका," ते म्हणाले. इराकडे फोन नव्हताच. "तुमचा, बँकवाल्या बाई."

मी बँकेत हिशेब तपासते, पण काकांच्या लेखी आम्ही सगळे बँकवाले. फोन डब्यात पडला आणि पुढचा तासभर मला माझ्या हातांचं काय करावं ते सुचेना.

एका वडिलांनी विचारलं, "सर, पायथन शिकवता का?"

"नाही. चपला काढायला शिकवतो."

त्यांना गंमत वाटली, पण काका अगदी खरं बोलत होते. मुलांनी चपला काढून एका ओळीत मांडायच्या. एका मुलानं सगळ्यांना पाठ फिरवायला लावून एका चपलेखाली गोटी लपवायची. मग बाकीच्यांनी विचारायचं, आणि त्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. सुरुवातीला पोरं एकेक चप्पल धरून विचारत सुटायची, "इथे आहे? इथे आहे?" काका कानांवर हात ठेवायचे. "अरे, जन्म जाईल असा! मधोमध उभे राहा. हिच्या डावीकडे आहे का, विचारा. नाही? मग अर्धं टाका." ओळ निम्मी व्हायची, पुन्हा निम्मी व्हायची, आणि बघता बघता हातात एकच चप्पल. पोरं किंचाळायची. या युक्तीला कॉम्प्युटरच्या लोकांत भारदस्त नाव आहे, ते काकांनी त्यांना कधी सांगितलं नाही. "नाव मोठेपणी पाठ करतील. आत्ता हाताला कळू दे."

एकदा एका पोरानं लबाडी केली. गोटी लपवलीच नाही, खिशात ठेवली, आणि तोंडानं मात्र प्रत्येक वेळी 'नाही' म्हणत राहिला. ओळ निम्मी होत होत शेवटची चप्पल उचलली, तर खाली नुसती जमीन. इरा रडकुंडीला आली. "काका, फेल झालं!"

काकांना मात्र आनंद झाला. "फेल कसलं? गोटी या ओळीत नाही, हे कळलं ना? तेही उत्तरच आहे."

लबाडाला त्यांनी शिक्षा म्हणून पुढच्या रविवारी सगळ्यांच्या चपला मांडायला लावल्या.

दुसरा खेळ रेघेचा. प्रत्येक मूल म्हणजे एक वस्तू. कुणी फ्रिज, कुणी बस, कुणी उशी. काकांनी मनात एक धरायची, मुलांनी प्रश्न विचारायचे. "घरातलं की घराबाहेरचं?" म्हटलं की घरातल्यांनी रेघेच्या अलीकडे पळायचं, बाहेरच्यांनी पलीकडे, आणि चुकीच्या अर्ध्यानं खाली बसायचं. इरा त्या दिवशी छत्री झाली होती. ती धावत आली आणि बरोबर रेघेवर थांबली.

"रेघेवर उभं राहायचं नाही," काका म्हणाले. "अलीकडे किंवा पलीकडे."

"बट अंकल, अम्ब्रेला तर आमच्या गेटला हँग करतो. इनसाइड पण नाही, आउटसाइड पण नाही. ऑन द लाइन, लाह."

"यंत्राला हो कळतं आणि नाही कळतं. रेघ कळत नाही."

"दॅट इज मशीनचा प्रॉब्लेम, व्हॉट."

सगळे हसले, काकाही हसले, पण इराला त्यांनी दंडाला धरून अलीकडे आणलंच. ती त्यानंतरही संधी मिळेल तेव्हा रेघेवर उभी राहायची. हट्ट तिच्या वडिलांच्या घराण्याचा आहे, आमच्याकडचा नाही.

आता काकूंविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय काका म्हणजे नुसतं अर्धंच.

इथल्या फ्लॅटला दोन दारं असतात, बाहेर लोखंडी जाळीचं आणि आत लाकडी. जुने लोक जाळी लावून घेतात आणि लाकडी दार दिवसभर उघडं टाकतात. वारा येतो, आणि कॉरिडॉरमधून कोण आलं कोण गेलं तेही कळतं. काकूंची खुर्ची त्या दारातच असायची. मांडीवर निवडायची भाजी आणि तोंडाची टकळी अखंड. शेजारच्या चिनी आजींना मराठी येत नव्हतं, काकूंना चिनी येत नव्हतं, आणि दोघी जाळीच्या आरपार तासन् तास बोलत. मी ऑफिसातून येताना दिसले की काकू ओरडायच्या, "आलीस? चेहरा बघ कसा झालाय! थांब, थालीपीठ घेऊन जा." काकांच्या अर्धं टाकण्याची त्या मनसोक्त टिंगल करायच्या. "लग्नाच्या वेळी यांनी असंच केलं असणार. गोऱ्या टाका, उंच टाका, आणि उरले मी!"

मग काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. वाचताही येईना, अक्षरं ओळखीची राहिली नव्हती. हॉस्पिटलातून घरी आल्या तेव्हा त्या खुर्चीत इतक्या गप्प होत्या की मला त्यांच्याकडे बघवेना.

काकांनी वर्ग बंद केला. आणि ज्या युक्तीनं मुलं गोटी शोधायची तिनंच ते काकूंचं मन शोधू लागले. डाव्या हातानं खुर्चीच्या हातावर एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. "काही हवंय?" टक. "खायचं?" टक टक. "अर्धं टाका. अंगाचं काही?" टक. "पाठ?" टक. "वरची अर्धी?" टक टक. "मग खालची. डावीकडे?" टक. आणि काका नेमकी तीच जागा खाजवून द्यायचे. काकू डोळे मिटायच्या. मी एकदा हे सगळं दाराशी उभी राहून पाहिलं आणि घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, प्रेम म्हणतात ते हेच असावं. नवऱ्यानं विषय बदलला.

फक्त एक झालं होतं. लाकडी दार आता कायम बंद असायचं. बेल वाजवली की काका फटीतून बघायचे, मग उघडायचे, आत घेऊन पुन्हा लावायचे. मी विचारलं तर हळूच म्हणाले, "लोक बघतात गं जाता-येता. तिचं तोंड वाकडं झालंय. तिला कसं वाटत असेल?" त्यात चुकीचं काय आहे, असंच मलाही वाटलं.

काही दिवसांनी काकूंना काहीतरी हवंसं झालं आणि ते सापडेना. "घरातलं?" टक टक. "घराबाहेरचं?" टक टक. काकांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. त्या दाराकडे बोट करायच्या, म्हणून काकांनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून खाली नेलं, तर लिफ्टपाशीच टक टक सुरू. परत आणलं, दार लावलं, की पुन्हा टक टक. जेवण सुटलं. चमचा तोंडाजवळ नेला की त्या मान फिरवायच्या आणि खुर्चीच्या हातावर वाजवत राहायच्या.

उपचार करणाऱ्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की अशा आजारात कधी कधी माणसाचा हो आणि नाही यांत गोंधळ होतो. कॅनडातला मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आईला आता काही कळत नसेल तर तुम्ही एकटे किती करणार? तिला नर्सिंग होममध्ये ठेवू या." काकांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा तो हात मांडीवर नुसता पडलेला होता.

"मी तिला सगळं विचारून पाहिलं," ते म्हणाले. "हे पुणं आहे का? नाही. मी तुझा नवरा आहे का? हो. सगळं बरोबर सांगते. पण घरातलंही नाही आणि बाहेरचंही नाही, असं होऊच शकत नाही ना? दोन्हींना नाही म्हणते म्हणजे... म्हणजे ती आता तिथं नाही गं."

मी मऊ खिचडी घेऊन गेले होते, इरा डब्याची पिशवी धरून माझ्याबरोबर होती. काकूंनी आम्हाला बघितलं आणि वाजवायला लागल्या. काकांचा आवाज चढला. मी त्यांना चढ्या आवाजात बोलताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "अगं, घरातलं की बाहेरचं? एक काहीतरी सांग! एक!"

टक टक. टक टक.

"काका," इरा म्हणाली, "मे बी इट्स ऑन द लाइन."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की मी तिचा हात धरून मागे ओढणार होते. पण ती काकूंसमोर गुडघ्यांवर बसली सुद्धा. "काकू, घरातलं नाही, बाहेरचं नाही. मधलं आहे? रेघेवरचं?"

टक.

घरात नाही आणि घराबाहेर नाही, तर उंबरठ्यावर. खांब फोडून आलेल्या देवाची ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी घोटून घोटून ऐकलेली. मी ऐकली होती, काकांनी ऐकली होती. ऐन वेळी एकालाही आठवली नाही. इरानं तर ती कधी ऐकलीही नव्हती. ती फक्त हट्टानं रेघेवर उभी राहायची.

"गेट?" टक टक. "छत्री?" टक टक. "दार?"

टक. टक. टक. काकू थांबेचनात.

इरानं जाऊन लाकडी दार सताड उघडलं. वारा आत आला. पलीकडे कुणाच्या तरी कढईत लसूण पडल्याचा वास, सायकलची घंटी, आणि कुंड्यांना पाणी घालणाऱ्या चिनी आजी. जाळीतून काकू दिसल्या तशी त्यांनी झारी तिथंच ठेवली, जाळीला येऊन बिलगल्या आणि त्यांच्या भाषेत जोरजोरात रागावू लागल्या. इतके दिवस दार का लावलं होतं, असंच विचारत असणार. काकूंचा वाकडा ओठ आणखी वाकडा झाला. त्या हसत होत्या.

काका भिंतीला टेकून खाली बसले. "मीच लावलं होतं," ते म्हणाले. "तिला बघू नये कुणी म्हणून. आणि तिला वाटत होतं, बघावं."

मग ते रडले. मीही रडले. खिचडी गार झाली, पण काकूंनी ती सगळी खाल्ली.

त्यानंतर दार बंद झालं नाही आणि वर्ग पुन्हा सुरू झाला, तोही वरती, त्यांच्या दारासमोरच्या कॉरिडॉरमध्ये. चिकटपट्टीची रेघ आता उंबरठ्यावर असायची आणि काकूंची खुर्ची तिच्या अलीकडे. गोटी कुठे आहे हे फक्त काकूंना ठाऊक, आणि उत्तरं त्याच द्यायच्या. टक, टक टक. त्याला मराठी लागत नाही, की इंग्रजी, की चिनी, त्यामुळे मजल्यावरची सगळीच पोरं यायला लागली. काकू लबाडीही करायच्या. मुद्दाम उशिरा वाजवायच्या आणि पोरांचे चेहरे बघायच्या. काकांनी नियम बदलला होता. प्रत्येक खेळाच्या आधी ते सांगायचे, "अर्धं टाकायच्या आधी रेघ विचारा. मी इतकी वर्षं विचारली नाही, तुम्ही विचारा." आणि इराकडे बघून मान तुकवायचे. ती दोन दिवस घरात आमचं काही ऐकायची नाही, इतकी चढून जायची.

काका गेले ते अगदी त्यांच्यासारखे, वेळ न घालवता. सकाळी बाजारातून आले, लिफ्टजवळच्या बाकावर बसले, भाजीची पिशवी पायाशी नीट ठेवली, आणि मग उठलेच नाहीत.

मुलगा कॅनडाहून आला. आईला तिकडं न्यायचं ठरलं, कागदपत्रं होईपर्यंत तो इथंच राहणार होता. भला माणूस आहे. दार उघडं ठेवायचं हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्यानं ते पाळलं.

पुढच्या रविवारी मी इराला घेऊन गेले. वर्ग नव्हता, पण मजल्यावरची दोन-चार पोरं कुणी न बोलावता येऊन उभी होती, उगाच. काकू दारातल्या खुर्चीत होत्या आणि खुर्चीच्या हातावर वाजवत होत्या. मुलगा समोर उकिडवा बसला होता. "आई, काय हवंय? पाणी? पंखा लावू?" टक टक. टक टक. तो एकेक वस्तू विचारत सुटला होता, अगदी नवख्या पोरासारखा.

इरा पुढे झाली. "काकू, घरातलं?"

टक टक.

"बाहेरचं?"

टक टक.

"रेघेवरचं?"

काकूंनी इराकडे पाहिलं, सावकाश हात उचलला, आणि वाजवलं. टक टक.

मुलानं माझ्याकडे वळून हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे आता हिला... कळत नाहीये का?"

मी उत्तर द्यायच्या आत इराच म्हणाली, "कळतं. काका सांगायचे, कुठेच नाही म्हटलं ना, तेही उत्तरच आहे."

त्याला ते समजायला एक क्षण लागला. मग त्यानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि काकूंचा डावा हात, इतका वेळ वाजवणारा, त्याच्या केसांत थांबला.

इरा कॉरिडॉरमध्ये गेली. तिनं स्वतःच्या चपला काढून भिंतीशी ठेवल्या. बाकीच्या पोरांनीही काढल्या, मांडल्या, ओळ झाली. मग ती दाराशेजारच्या मांडणीपाशी वाकली. काकांच्या जुन्या तपकिरी चपला अजून तिथेच होत्या, हलवायला कुणाचा हात धजला नव्हता. तिनं त्या उचलल्या, ओळीच्या बरोबर मधोमध ठेवल्या, आणि विचारलं, "काकू, चालेल?"

टक.